प्रोटोबफ मेसेज भरताना रेफरन्स आणि पॉइंटर का फसवतात, आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची

कोड कंपाइल होतो, चालतोही. लॉगमध्ये तक्रारीची एक ओळ नाही. आणि पलीकडच्या सर्व्हिसकडे ऑर्डर पोचते ती पत्त्याविना. किंवा याच्या उलट घडतं: सगळं भरून होतं, सीरियलाइझ होतं (म्हणजे पाठवण्यासाठी बाइटमध्ये बदलतं), आणि फंक्शन संपता संपता प्रोग्राम मरतो. स्टॅक ट्रेस उघडावा तर त्यात दोष असलेली ओळ कुठेच नसते, दिसतो फक्त प्रोटोबफने (प्रोटोकॉल बफर्स, म्हणजे डेटाचे मेसेज बाइटमध्ये बांधणारी गूगलची लायब्ररी) स्वतः तयार केलेला डिस्ट्रक्टर.

तक्रारी दोन, पण मूळ एकच. मेसेजच्या पोटातल्या मेमरीचा मालक कोण आणि ती किती वेळ जिवंत राहणार, याबद्दल लिहिणाऱ्याने धरलेलं गृहीत आणि प्रोटोबफचा नियम जुळलेले नसतात. प्रत्येक ओळीपाशी हा प्रश्न विचारायची सवय लागली की बहुतेक दोष वाचतानाच दिसतात. डीबगर उघडायची वेळ क्वचित येते.

गूगलने प्रोटोकॉल बफर्स २००८ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. आज जीआरपीसी (एका सर्व्हिसने दुसरीची फंक्शनं बोलवायची यंत्रणा) वापरणाऱ्या जवळपास प्रत्येक टीमच्या कोडमध्ये ते असतं. हा लेख सी++ बद्दल आहे, कारण पॉइंटरची खरी फजिती तिथेच होते. गो, जावा आणि पायथनसाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय. फंक्शनांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत आणि फील्डना मराठी नावं दिली आहेत. खऱ्या फाइलमध्ये अर्थातच दोन्ही रोमनमध्ये लिहावी लागतील.

उदाहरणासाठी एक मेसेज धरू, त्याचं नाव ऑर्डर. त्यात ‘पत्ता’ हा सब-मेसेज (मेसेजच्या आतला मेसेज), ‘वस्तू’ हे रिपीटेड (म्हणजे यादीने असलेले) सब-मेसेज, ‘वजन’ हे रिपीटेड पूर्णांक, ‘पेमेंट’ नावाचा वनऑफ (एका वेळी एकच: कार्ड किंवा यूपीआय), ‘सवलत’ हा मॅप (‘की’ आणि तिची किंमत अशा जोड्या) आणि ‘टीप’ ही स्ट्रिंग.

आधी लक्षण, मग कोड

दोष शोधायला बसण्याआधी लक्षण नीट ओळखा. त्याने अर्धा वेळ वाचतो.

डेटा गायब आहे पण क्रॅश नाही, तर नव्वद टक्के वेळा तुम्ही कॉपीत लिहिलंय. मूळ मेसेजला त्याची खबरच नाही. डेटा आहे पण चुकीच्या ठिकाणी आहे, किंवा कधी असतो कधी नसतो, तर जुना पॉइंटर धरून ठेवलाय आणि मधे कुणीतरी मेसेज साफ केलाय किंवा वनऑफ बदललाय. आणि मेसेज नष्ट होताना क्रॅश होतोय, ‘फ्री(): इनव्हॅलिड पॉइंटर’ किंवा ‘डबल फ्री डिटेक्टेड’ असं काही छापून येतंय, तर एकाच मेमरीला दोन मालक झालेत किंवा जी हीपवर नव्हतीच ती कुणीतरी फ्री करायला निघालंय.

टक्का माझ्या अंदाजाचा आहे, तो मनावर घेऊ नका. क्रम मात्र घ्या: आधी कॉपी तपासा, मग आयुष्य, मग मालकी.

पायरी १: फील्डसोबत कोणती फंक्शनं मिळतात ते नीट बघा

नवख्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सेट_टीप() आहे, मग सेट_पत्ता() का नाही?’ सब-मेसेजसाठी ते फंक्शन तयारच होत नाही. कंपायलर ‘असा मेंबर नाही’ म्हणतो आणि माणूस हाताला लागेल ते दुसरं फंक्शन वापरून बघतो. बहुतेकदा हाताला लागतं सेट_अलोकेटेड_पत्ता(), कारण नावात ‘सेट’ आहे. क्रॅशची निम्मी प्रकरणं इथूनच सुरू होतात.

पत्ता या फील्डसाठी मिळतं ते असं. पत्ता() हे वाचण्यासाठी, ते कॉन्स्ट रेफरन्स देतं. म्यूटेबल_पत्ता() हे लिहिण्यासाठी, ते पॉइंटर देतं, पण मालकी मेसेजकडेच राहते. हॅज_पत्ता() फील्ड भरलंय का ते सांगतं. क्लिअर_पत्ता() साफ करतं. मालकी हलवणारी जोडी वेगळी: सेट_अलोकेटेड_पत्ता() मालकी आत घेतं, रिलीज_पत्ता() बाहेर देतं.

तयार पत्ता मेसेजमध्ये घालायचा असेल तर सरळ रस्ता हा:

*ऑर्डर.म्यूटेबल_पत्ता() = घरचा_पत्ता;

किंवा घरचा_पत्ता पुढे लागणार नसेल तर

*ऑर्डर.म्यूटेबल_पत्ता() = एसटीडी::मूव्ह(घरचा_पत्ता);

दोन्ही मेसेज साध्या हीपवर किंवा स्टॅकवर असतील तर दुसऱ्या ओळीत कॉपी होत नाही, आतल्या गोष्टींची अदलाबदल होते. इथे एक बारकावा आहे. असाइनमेंटमध्ये मूव्ह म्हणजे आतून अदलाबदलच, म्हणून मूव्ह झाल्यावर घरचा_पत्ता रिकामा असेलच असं नाही. त्यात ऑर्डरमधला जुना पत्ता येऊन बसलेला असू शकतो. मूव्ह केलेलं ऑब्जेक्ट परत वापरायचं असेल तर आधी क्लिअर() करा.

आता वाचण्याकडचा सापळा. पत्ता भरलेला नसताना पत्ता() बोलावलं तर नल मिळत नाही, क्रॅशही होत नाही. मिळतो तो पत्ता-प्रकाराच्या डीफॉल्ट इन्स्टन्सचा रेफरन्स, अख्ख्या प्रोसेसमध्ये सामायिक असलेला. म्हणून ‘पॉइंटर नल आहे का’ ही तपासणी इथे निरर्थक आहे, विचारायचं ते हॅज_पत्ता() ला. आणि कॉन्स्ट अडथळा वाटतो म्हणून कुणी कॉन्स्ट_कास्ट करून त्या रेफरन्समध्ये लिहिलं तर प्रोसेसमधल्या प्रत्येक रिकाम्या पत्त्यात तेच शहर दिसायला लागतं. कोडबेसमध्ये कॉन्स्ट_कास्ट आणि प्रोटोबफ एकाच ओळीत सापडले तर बाकी तपास थांबवून आधी ती ओळ काढा.

पायरी २: भरलं पण पोचलं नाही

ही सर्वांत जास्त भेटणारी ओळ:

ऑटो पत्ता = *ऑर्डर.म्यूटेबल_पत्ता();
पत्ता.सेट_शहर("सातारा");

डावीकडे साधं ‘ऑटो’ आहे. उजवीकडे तारा लावून पॉइंटर सोडवलाय. म्हणजे नवा पत्ता तयार झाला, त्यात सातारा गेलं, आणि ब्लॉक संपताच तो सातारा घेऊन गेला. ‘ऑटो’ रेफरन्स कधीच स्वतःहून धरत नाही, तो सांगावा लागतो. दुरुस्ती दोनपैकी एक: ‘ऑटो& पत्ता = *ऑर्डर.म्यूटेबल_पत्ता();’ किंवा तारा काढून ‘ऑटो* पत्ता = ऑर्डर.म्यूटेबल_पत्ता();’. मी दुसरी लिहितो. पुढे प्रत्येक ठिकाणी बाण दिसतो आणि वाचणाऱ्याला कळतं की आपण दुसऱ्याच्या मेमरीत लिहितोय.

याच चुकीचं लूपमधलं रूप:

फॉर (ऑटो वस्तू : ऑर्डर.वस्तू()) वस्तू.सेट_किंमत(०);

इथे प्रत्येक फेरीला एक कॉपी होते, ती बदलते आणि फेकली जाते. हवं ते असं: ‘फॉर (ऑटो& वस्तू : *ऑर्डर.म्यूटेबल_वस्तू())’. नुसतं ‘ऑटो&’ केलंत आणि म्यूटेबल विसरलात तर कंपायलर अडवतो, कारण तो कॉन्स्ट आहे. हा उपकारच समजा. तो कॉन्स्ट काढायला जाऊ नका.

तिसरं रूप फंक्शनच्या सीमेवर दिसतं. पत्ता भरणारं फंक्शन व्हॅल्यूने घेत असेल, म्हणजे पॅरामीटर नुसता ‘पत्ता प’ असेल, तर आत काहीही करा, बाहेर काही येत नाही. पॅरामीटर पॉइंटर असावा आणि बोलावताना ऑर्डर.म्यूटेबल_पत्ता() द्यावं. पण पॉइंटर घेऊनही हुकतं. आत कुणी ‘प = न्यू पत्ता’ असं लिहिलं तर बाहेरच्या ऑर्डरचा संबंध तिथेच तुटला. स्थानिक पॉइंटर दुसरीकडे वळला, नव्या ऑब्जेक्टची गळती झाली, आणि ऑर्डर जशी होती तशीच राहिली.

चौथं रूप जरा लपलेलं आहे. सी++ चा रेफरन्स एकदा बांधला की पुन्हा बांधता येत नाही. त्यामुळे लूपबाहेर ‘पत्ता& चालू = *पहिली.म्यूटेबल_पत्ता();’ असं धरून आत ‘चालू = *दुसरी.म्यूटेबल_पत्ता();’ लिहिलं, तर चालू दुसरीकडे वळत नाही. दुसरीचा पत्ता पहिलीवर लिहिला जातो. ग्राहक अ ला ग्राहक ब चं पार्सल जातं ते असं. फिरता दुवा हवा असेल तर पॉइंटरच वापरा.

हे शोधायला डोळ्यांवर विसंबून राहायची गरज नाही. क्लँग-टायडीमध्ये (सी++ कोड न चालवता तपासणारं साधन) लूपमधली अनावश्यक कॉपी आणि अनावश्यक कॉपी-इनिशिअलायझेशन पकडणाऱ्या तपासण्या ‘परफॉर्मन्स’ गटात आहेत. मात्र त्या वेगासाठी बनवल्या आहेत आणि फक्त वाचली जाणारी कॉपीच पकडतात. ज्या कॉपीत लिहिलं जातं ती त्यांना निर्दोष वाटते. म्हणून एक साधा उपाय टीमच्या नियमात घाला: ‘ऑटो’, बरोबरचं चिन्ह, तारा आणि म्यूटेबल हे याच क्रमाने एका ओळीत दिसले की रिव्ह्यूमध्ये प्रश्न. ग्रेपने (फाइलींत मजकूर शोधणाऱ्या कमांडने) हे सहज शोधता येतं.

हात लावला तरी भरलं

उलट दिशेची एक तक्रार इथेच उरकतो: ‘आम्ही पत्ता भरलाच नाही, तरी हॅज_पत्ता() खरं सांगतं.’ म्यूटेबल_पत्ता() नुसतं बोलावलं तरी सब-मेसेज तयार होतो आणि फील्ड ‘आहे’ असं नोंदवलं जातं. पुढे एकही अक्षर लिहिलं नाही तरी. वायरवर, म्हणजे पाठवलेल्या बाइटमध्ये, तो रिकामा पत्ता जातोसुद्धा. फील्ड क्रमांक १ ते १५ मधला असेल तर २ बाइट, एक टॅगचा आणि एक शून्य लांबीचा. म्हणून फंक्शनच्या सुरुवातीला सगळे म्यूटेबल पॉइंटर काढून ठेवायची आणि मग गरजेप्रमाणे भरायची शैली मला पसंत नाही. अट आधी तपासा, मग म्यूटेबल बोलवा. वाचण्यासाठी म्यूटेबल तर कधीच नको.

साध्या फील्डचं गणित वेगळं. प्रोटो३ मध्ये (.प्रोटो फाइल लिहायच्या भाषेचं एक रूप, आधीचं प्रोटो२) ‘ऑप्शनल’ न लिहिलेल्या पूर्णांकाला हॅज_ मिळतच नाही, शून्य आणि न भरलेलं यात फरक उरत नाही. लायब्ररीच्या आवृत्ती ३.१५ पासून, म्हणजे २०२१ पासून, प्रोटो३ मध्ये ‘ऑप्शनल’ थेट लिहिता येतं. फरक महत्त्वाचा असेल तर ते लिहा.

पायरी ३: धरून ठेवलेला पॉइंटर किती वेळ खरा?

कॉपीचा प्रश्न मिटला की दुसरा प्रकार समोर येतो. पॉइंटर बरोबर घेतला, पण वापरेपर्यंत खालची जमीन सरकली.

रिपीटेड फील्डमध्ये दोन जाती आहेत आणि त्यांचे नियम वेगळे. ‘वजन’ सारखे पूर्णांक रिपीटेडफील्डमध्ये सलग बफरमध्ये असतात. नवं वजन घातलं आणि जागा अपुरी पडली तर पूर्ण बफर दुसरीकडे हलतो, आधी घेतलेला पॉइंटर मोडीत. ‘वस्तू’ सारखे सब-मेसेज आणि स्ट्रिंग रिपीटेडपीटीआरफील्डमध्ये असतात. तिथे सलग असते ती पॉइंटरांची यादी, ऑब्जेक्ट स्वतंत्र राहतात. त्यामुळे अ‍ॅड_वस्तू() ने दिलेला पॉइंटर पुढच्या अ‍ॅड_वस्तू() नंतरही त्याच वस्तूकडे बोट दाखवतो. इटरेटर मात्र त्या यादीत फिरतो, आणि यादी वाढली की तो बिघडतो. म्हणून वस्तूंवर लूप चालू असताना आतच अ‍ॅड_वस्तू() करू नका, आधी संख्या काढून इंडेक्सने फिरा. माझा सल्ला त्याहून कडक आहे: दोन जातींचे नियम लक्षात ठेवण्यापेक्षा यादी बदलणार असेल तिथे पॉइंटर धरूच नका, इंडेक्स धरा.

इंडेक्सही तपासून वापरा. मर्यादेबाहेरचा इंडेक्स प्रत्येक आवृत्तीत, प्रत्येक बिल्डमध्ये पकडला जाईलच असं धरून चालू नका.

आता खरा छुपा रुस्तुम: क्लिअर. बहुतेकांना वाटतं की क्लिअर_पत्ता() म्हणजे मेमरी सोडली. प्रोटोबफ मात्र ती पुन्हा वापरण्यासाठी बऱ्याचदा ठेवून देतं, फक्त आतला मजकूर पुसतं आणि ‘आहे’ची नोंद काढतं. जुना पॉइंटर घेऊन तुम्ही त्यात लिहिलंत तर मेमरी जिवंत आहे, लिहिणं यशस्वी होतं, आणि सीरियलाइझ करताना ‘आहे’ची नोंद नसल्यामुळे ते सगळं वगळलं जातं. क्रॅश नाही, सॅनिटायझरही (चालत्या प्रोग्राममधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) गप्प. रिपीटेड फील्डमध्ये हे आणखी वाईट दिसतं. क्लिअर() नंतर अ‍ॅड_वस्तू() केलं की पूर्वीचंच ऑब्जेक्ट पुन्हा हातात येतं. आता जुना पॉइंटर आणि नवा पॉइंटर एकाच वस्तूवर, आणि लिहिणाऱ्याला वाटतंय दोन वेगळ्या आहेत.

लूपमध्ये एकच मेसेज पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या कोडमध्ये हे हमखास असतं. पुनर्वापर चांगला, त्याने अलोकेशन वाचतात, पण क्लिअर() नंतर प्रत्येक म्यूटेबल पॉइंटर नव्याने घ्या. पार्सफ्रॉमस्ट्रिंग() सुद्धा आधी क्लिअर करतं, त्यामुळे हाच नियम तिथेही लागू. मर्जफ्रॉमस्ट्रिंग() क्लिअर करत नाही. आणि पार्स फसलं तर परतावा ‘फॉल्स’ येतो, पण मेसेज अर्धवट भरलेला असू शकतो. तो परतावा न तपासता पुढे गेलेला कोड मी बराच पाहिलाय.

वनऑफ. पेमेंटमध्ये एका वेळी कार्ड किंवा यूपीआय, दोन्ही नाही. म्यूटेबल_यूपीआय() बोलावताच कार्ड नष्ट होतं. आधी घेतलेला कार्डचा पॉइंटर आता मेलेल्या मेमरीकडे बघतोय. याहून घातक आहे ते ‘तपासणारं’ फंक्शन, जे म्यूटेबल_कार्ड() घेऊन आतला क्रमांक रिकामा आहे का बघतं. यूपीआयने भरलेली ऑर्डर त्या तपासणीनंतर कार्डची झालेली असते, तीही रिकाम्या कार्डची. वनऑफवर प्रश्न विचारायचा तो पेमेंट_केस() ला.

मॅपचंही असंच. (*ऑर्डर.म्यूटेबल_सवलत())["दिवाळी"] एवढं म्हटलं तरी ‘दिवाळी’ ही ‘की’ नसेल तर ती तयार होते. नुसतं वाचायचं असेल तर फाइंड() किंवा कंटेन्स(). अ‍ॅट() वापरलं आणि ती ‘की’ नसली तर प्रोग्राम तिथेच बंद पडतो.

तात्पुरत्या ऑब्जेक्टचा सापळा प्रोटोबफचा नाही, सी++ चा आहे, पण इथे फार भेटतो:

कॉन्स्ट ऑटो& टीप = ऑर्डर_बनवा().टीप();

ऑर्डर_बनवा() ने व्हॅल्यूने दिलेली ऑर्डर या ओळीच्या शेवटी नष्ट होते, टीप हवेत. तात्पुरत्या ऑब्जेक्टचं आयुष्य वाढतं हा नियम इथे लागू पडत नाही, कारण रेफरन्स फंक्शनच्या आतून आलाय. रेंज-लूपच्या डोक्यात असंच लिहिलं तर सी++२३ आधी तोच घोटाळा होतो, सी++२३ ने लूपपुरता तो मिटवला. जीसीसी १३ पासून लटकत्या रेफरन्सची स्वतंत्र वॉर्निंग आहे, क्लँगमध्येही तशाच आहेत. त्या चालू ठेवा आणि एरर म्हणूनच वागवा.

आपलंच पोर आपल्यावर कॉपी करणं हाही याच गटातला दोष. फांद्या असलेला स्वतःच्याच प्रकाराचा मेसेज असेल, समजा ‘गाठ’, आणि तुम्ही गाठ.कॉपीफ्रॉम(गाठ.मूल()) लिहिलंत, तर कॉपीफ्रॉम आधी गाठ साफ करतं, त्यात मूलही साफ, मग साफ झालेलं मूल कॉपी होतं. डीबग बिल्ड इथे ठणकावून थांबतो, रिलीझ बिल्डमध्ये डेटा गेला. मुलाची आधी वेगळी कॉपी घ्या, मग ती मूव्ह करा.

पायरी ४: मालकी

सेट_अलोकेटेड_पत्ता(प) म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदललं: यापुढे प चा मालक मेसेज, आणि नष्ट होताना डिलीट करणारही तोच. त्यामुळे प हे न्यू ने घेतलेलंच हवं आणि त्यावर दुसऱ्या कुणाचाही हक्क नको. हा करार मोडायचे चार नेहमीचे मार्ग आहेत.

स्टॅकवरच्या ‘पत्ता’ ऑब्जेक्टला अँपरसँड लावून त्याचा पॉइंटर दिला. मेसेज मरताना स्टॅकवरची जागा फ्री करायला जातो. किंवा युनिक_पीटीआर च्या गेट() ने काढलेला पॉइंटर दिला. आता युनिक_पीटीआर आणि मेसेज, दोघेही डिलीट करणार. बरोबर शब्द रिलीज() हा आहे, गेट() नव्हे. किंवा दुसऱ्या ऑर्डरचा म्यूटेबल_पत्ता() दिला. त्या ऑर्डरने मालकी कधी सोडलीच नव्हती. किंवा एकच पॉइंटर लूपमध्ये दोन ऑर्डरना दिला.

चारही ठिकाणी क्रॅश त्या ओळीवर होत नाही. तो खूप नंतर, मेसेज नष्ट होताना होतो, कधी दुसऱ्याच थ्रेडवर. म्हणून डिस्ट्रक्टरमधला क्रॅश दिसला की स्टॅक ट्रेस चाळत बसण्याऐवजी कोडबेसमध्ये ‘सेट_अलोकेटेड’ आणि ‘अ‍ॅडअलोकेटेड’ ग्रेप करा. सहसा मूठभर ओळी निघतात, प्रत्येकीपाशी विचारा: हा पॉइंटर कुठून आला?

आत आलेली मालकी परत काढायची असेल तर रिलीज_पत्ता(). फील्ड भरलेलं नसेल तर ते नल देतं, त्यामुळे इथे नल-तपासणी अर्थपूर्ण आहे. परत आलेला पॉइंटर लगेच युनिक_पीटीआर मध्ये ठेवा. नुसतं ‘फील्ड रिकामं करायला’ रिलीज बोलावून परतावा सोडून दिला तर गळती झाली, त्यासाठी क्लिअर_पत्ता() आहे. सेट_अलोकेटेडला नल दिलं तर तेही क्लिअरसारखंच वागतं.

खरं सांगायचं तर नव्या कोडमध्ये मी सेट_अलोकेटेड लिहीतच नाही. म्यूटेबल आणि मूव्ह यांनी तेच काम तितक्याच स्वस्तात होतं, आणि दोन मालक होण्याची वाटच राहत नाही. जुन्या कोडमध्ये दिसलं तर बदलायला फारसा वेळ लागत नाही.

अरेना असेल तर नियम बदलतात

अरेना म्हणजे मेमरीचा एक मोठा तुकडा घेऊन त्यात मेसेज उभे करायचे आणि शेवटी सगळे एकदम सोडायचे. अरेना::क्रिएट ने मिळालेल्या पॉइंटरला डिलीट लावायचं नाही आणि तो युनिक_पीटीआर मध्येही ठेवायचा नाही. हे बहुतेकांना माहीत असतं. अडतं ते सीमेवर, म्हणजे एक मेसेज अरेनावर आणि दुसरा हीपवर असताना.

हीपवरचा पत्ता अरेनावरच्या ऑर्डरला सेट_अलोकेटेड केला तर अरेना त्याची मालकी घेते, ठीक. पण पत्ता एका अरेनावर आणि ऑर्डर दुसऱ्या अरेनावर किंवा हीपवर असेल तर प्रोटोबफ गुपचूप कॉपी करतं. तुमच्या हातातला पॉइंटर अजून वैध आहे, मात्र ऑर्डरमध्ये आहे ती त्याची प्रत. पुढे त्या पॉइंटरने केलेले बदल ऑर्डरला दिसत नाहीत, आणि आपण पुन्हा पायरी २ च्या लक्षणावर येतो. अरेनावरच्या मेसेजमधून रिलीज_पत्ता() केलं तर हीपवरची कॉपी मिळते, तीही तुम्हीच डिलीट करायची. मूव्ह आणि स्वॅप दोन अरेनांमध्ये स्वस्त राहत नाहीत, तिथेही कॉपी होते.

तपासणी सोपी आहे. दोन्ही मेसेजवर गेटअरेना() बोलवा. दोन्हीकडे तोच पॉइंटर, किंवा दोन्हीकडे नल, तर मूव्ह खरंच मूव्ह आहे. नाहीतर कॉपी.

आणखी एक: अरेनावर वनऑफ बदलला तर जुन्या कार्डची मेमरी अरेना मरेपर्यंत तशीच पडून राहू शकते, आणि त्यामुळे जुन्या पॉइंटरचा वापर निमूट खपून जातो. असा संशय असेल तर तोच कोड चाचणीत अरेनाशिवाय, साध्या हीपवर चालवा. जो दोष अरेनाने झाकला होता तो बाहेर येतो.

स्ट्रिंग आणि बाइट्स

इथे थोडक्यात. सेट_टीप(नल) देऊ नका, त्याचा परिणाम ठरलेला नाही. टीप().सी_स्ट्र() धरून ठेवलं आणि मधे सेट_टीप() झालं तर तो पॉइंटर गेला. बाइट्स फील्डला नुसता कॅरॅक्टर-पॉइंटर दिला तर पहिल्या शून्य बाइटपाशी डेटा कापला जातो. इमेज किंवा एन्क्रिप्शनची की पाठवताना पॉइंटरसोबत लांबीही द्या. आणि मनाला येईल तो बायनरी मजकूर ‘स्ट्रिंग’ प्रकारात कोंबू नका. प्रोटो३ मध्ये स्ट्रिंग यूटीएफ-८ च असावी लागते, नसेल तर समोरचा पार्स नाकारतो. एडिशन २०२४ मध्ये (प्रोटो२ आणि प्रोटो३ नंतरचं भाषेचं नवं रूप) स्ट्रिंगचं वाचन मूळच्या सेटिंगनुसार स्ट्रिंग_व्ह्यू (कॉपी न करता मूळ मजकुराकडे बोट दाखवणारा प्रकार) देतं, म्हणजे धरून ठेवायला आणखी कमी सुरक्षित.

दुसऱ्या भाषांकडे एक नजर

पायथनमध्ये ऑर्डर.पत्ता = काहीतरी असं लिहिलं की सरळ ‘अ‍ॅट्रिब्यूटएरर’ येतो. कॉपीफ्रॉम() वापरा. वस्तू.अपेंड(क) केलं तर क ची कॉपी आत जाते, नंतर क बदलून उपयोग नाही. अ‍ॅड() ने मिळालेलं ऑब्जेक्ट बदला. जावात मेसेज बदलताच येत नाही, त्यामुळे यातले निम्मे दोष जन्मालाच येत नाहीत. पण सेटपत्ता(बिल्डर.बिल्ड()) केल्यावर तोच बिल्डर बदलत बसाल तर ऑर्डरमध्ये जुनंच राहील.

गोमध्ये मात्र जपून. तिथे सब-मेसेज म्हणजे पॉइंटरच, आणि असाइन केलं की दोन ऑर्डर एकच पत्ता वाटून घेतात. एकीचं शहर बदललं की दुसरीचंही बदलतं. वेगळी प्रत हवी तर प्रोटो.क्लोन. नल पॉइंटरवर गेट-फंक्शनं सुरक्षित आहेत, थेट फील्ड वाचणं नाही. गो १.२२ च्या आधी लूपच्या व्हेरिएबलचा पत्ता घेऊन यादीत टाकला तर सगळ्या वस्तू शेवटच्या वस्तूसारख्या दिसायच्या. जुन्या मॉड्यूलमध्ये गो.मॉडमधली आवृत्ती बघून घ्या.

दोष पकडायची हत्यारं, वापरायच्या क्रमाने

पहिलं, सीरियलाइझ करण्याच्या अगदी आधी मेसेज छापा, शॉर्टडीबगस्ट्रिंग() पुरे. भरणाऱ्या फंक्शनच्या आत एकदा आणि बाहेर एकदा छापा. आत दिसतं आणि बाहेर नाही, तर मधे कॉपी आहे. बाहेरही दिसतं पण समोर पोचत नाही, तर प्रश्न पॉइंटरचा नाही, दोन बाजूंच्या .प्रोटो फाइलींमधले फील्ड क्रमांक पडताळा. छापलेला मजकूर फक्त डोळ्यांसाठी आहे, त्यावर तुलना किंवा पार्सिंग करू नका.

दुसरं, मेमरीतले पत्ते छापा. ऑर्डर.म्यूटेबल_पत्ता() आणि तुमच्या हातातला पॉइंटर, दोन्ही. जुळले नाहीत तर उत्तर मिळालं. ही क्लृप्ती बाळबोध वाटते, पण अरेनाच्या सीमेवरची कॉपी याच्याइतकी झटपट दुसऱ्या कशाने सापडत नाही.

तिसरं, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून डीबग बिल्ड. ‘हीप-यूज-आफ्टर-फ्री’ आलं तर पायरी ३ कडे जा. ‘अटेम्प्टिंग डबल-फ्री’ किंवा ‘अटेम्प्टिंग फ्री ऑन अ‍ॅड्रेस विच वॉज नॉट मॅलॉक-एड’ आलं तर पायरी ४ कडे. डबल-फ्री असेल तर अहवालात मेमरी कुठे घेतली, पहिल्यांदा कुठे सोडली आणि आता कोण सोडतंय, असे तिन्ही ट्रेस असतात. त्यातला पहिल्यांदा सोडणाऱ्याचा ट्रेस सर्वांत आधी वाचा. क्लिअर() नंतरच्या जुन्या पॉइंटरबद्दल सॅनिटायझर काही बोलणार नाही, हे लक्षात असू द्या.

डीबग बिल्डचा प्रोटो२ मध्ये आणखी एक फायदा. ‘रिक्वायर्ड’ फील्ड राहून गेलं असेल तर सीरियलाइझटूस्ट्रिंग() डीबगमध्ये तिथेच थांबतं. रिलीझमध्ये ते निमूट लिहून टाकतं आणि पार्स समोरच्याकडे फसतं, मग दोष समोरच्या टीमच्या नावावर चढतो. इनिशिअलायझेशनएररस्ट्रिंग() कोणती फील्ड राहिली ते नावानिशी सांगतं.

थ्रेड अनेक असतील तर थ्रेड सॅनिटायझर वेगळ्या बिल्डमध्ये चालवा, अ‍ॅड्रेसबरोबर तो एकत्र चालत नाही. एकाच मेसेजचं नुसतं वाचन अनेक थ्रेडनी केलं तर चालतं. त्यातल्या एकानेही म्यूटेबल बोलावलं, अगदी काही न लिहिता, तरी तो लेखनच करतोय.

शेवटी प्रत्येक भरणाऱ्या फंक्शनसाठी एक चाचणी: मेसेज भरा, सीरियलाइझ करा, नव्या ऑब्जेक्टमध्ये पार्स करा, आणि दोघांची तुलना मेसेजडिफरन्सर::इक्वल्स ने करा. अपेक्षित मेसेज त्याच फंक्शनने बनवू नका, चाचणीत हाताने लिहा. आणि बाइटशी बाइट ताडून बघू नका. त्याच मेसेजचे बाइट दोन आवृत्त्यांत किंवा दोन भाषांत सारखेच येतील याची हमी प्रोटोबफ देत नाही, मॅप असेल तर एका भाषेतही नाही.